नागम्माच्या घरचा विस्तव

बोरनळ्ळी हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यापासून कोसभर आत असलेलं ऐंशी-नव्वद उंबऱ्यांचं गाव. त्या गावात उजाडताना सगळ्यांत आधी जे दार उघडायचं, ते नागम्माचं. दार उघडून ती बाहेर मात्र येत नसे. ते नुसतं लोटून ठेवी, चुलीपुढं जाऊन बसे आणि राखेत पुरून ठेवलेला निखारा फुंकून जागा करी. मग बायका यायच्या. प्रत्येकीच्या हातात एक गोवरी. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अक्का, विस्तव द्या की."

काडेपेटी गावात मिळत नव्हती असं नाही. १९७५ साल चालू होतं, वाण्याकडे काडेपेट्यांचं अख्खं पुडकं असायचं. पण रोज सकाळी काडी ओढून चूल पेटवणं बोरनळ्ळीच्या बायकांना उधळेपणाचं वाटे. शिवाय चांगल्या घरचा विस्तव आणून चूल पेटवली म्हणजे दिवस बरा जातो, अशी त्यांची समजूत होती. आता चांगलं घर कुठलं, तर ज्या घरची चूल विझत नाही ते. नागम्मा लग्न होऊन इंडीकडच्या माहेराहून इथं आली तेव्हा तिची सासू बसम्मा हिनं तिला पहिल्या दिवशी दागिने दाखवले नाहीत, चूल दाखवली. "हा विस्तव माझ्या सासूनं मला दिला, मी तुला देते, विझू देऊ नकोस," एवढं कानडीत सांगून म्हातारी मोकळी झाली. त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेली होती.

गोवरी पेटायला वेळ लागतो, हे ज्यांनी आयुष्यात शेगडीचं बटण फिरवण्यापलीकडं काही केलं नाही त्यांना सांगायला हवं. चुलीच्या तोंडाशी, जाळावर धरली तर लवकर धरते. कडेच्या राखेत ठेवली तर सावकाश, चांगला अर्धा तास खाते. बाई घाईत असली की नागम्मा तिची गोवरी तोंडाशी धरी. आणि जिला काही सांगायचं असेल, तिची मुकाट्यानं कडेला ठेवी. कुणाला काही सांगायचं आहे, हे तिला बाईच्या उभं राहण्यावरून कळे. मग ती बाई टेकायची आणि लेकीच्या सासरचं, दिराच्या भांडणाचं, दुखऱ्या कंबरेचं जे काय असेल ते गोवरी पेटेपर्यंत सांगून टाकायची. नागम्मा फार बोलत नसे. "व्हय की," म्हणे आणि फुंकर घाली.

बायका गेल्या की घर गप्प होई. नवरा मल्लप्पा एकोणसत्तर साली गेला. एकुलता मुलगा ईरप्पा सोलापुरात एका कचेरीत कारकून होता आणि भवानी पेठेत दोन खोल्यांत बायको-पोरीसह राहत होता. शेत गुंडा नावाचा वाटेकरी बघायचा, तोच गुरांचंही करायचा. गुंडा माणूस सोन्यासारखा, पण दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बैलांशी. नागम्माकडे तीन म्हशी होत्या. मल्लप्पा गेल्यापासून घरात कानडी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती म्हशींशी कानडी बोले. म्हशींना त्या भाषेत सगळं कळायचं, पण उत्तर देण्याच्या बाबतीत त्या गुंडाच्याही वरताण होत्या. तेव्हा माणसाचा आवाज कानावर पडायचा तो सकाळचाच. त्या घटकाभराच्या बळावर नागम्मा बाकीचा दिवस ढकलायची. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण असं काही बोलून दाखवायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्या चुलीनं तिचे डोळे खाल्ले होते. घर धाब्याचं, धुराला वाट म्हणजे माळवदातलं एक टीचभर भोक. भिंती काळ्याकुट्ट, तुळया काळ्या. नागम्मा खोकायला लागली की समोरच्या घरातल्या माणसांना झोपेतून जाग येई. त्यात बहात्तरच्या दुष्काळानं जळणाचं पार वाटोळं केलं. गावाभोवतीच्या बाभळी लोकांनी तोडल्या, आधी फांद्या, मग खोडं, शेवटी मुळंसुद्धा उकरली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या माणसांनाही संध्याकाळी भाकर भाजायला काहीतरी जाळावंच लागतं, त्यांना दोष कसा द्यायचा? मल्लप्पानं घरामागं दोन बाभळी लावल्या होत्या. विस्तव विझू नये म्हणून नागम्मानं त्यातली एक त्या साली स्वतः तोडायला लावली, आणि तोडताना घरात जाऊन बसली. तेव्हापासून ओढ्यापर्यंतचा माळ उघडा पडला होता. वारा सुटला की धुळीचे लोट सरळ गावात येत. शेण होतं तेवढं गोवऱ्यांत जाई, शेताला खत म्हणून काही उरत नसे, आणि ज्वारी वर्षागणिक गुडघ्याकडं सरकत चालली होती.

पंचाहत्तरच्या दिवाळीला ईरप्पा आला, तेव्हा आईनं त्याच्या पोरीला कडेवर घेताना आधी चाचपून बघितलं. तो दुसऱ्याच दिवशी आईला सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पापण्या उलटून बघितल्या आणि सांगितलं, "धूर बंद करा. नाहीतर दोन वर्षांत हात धरून फिरवावं लागेल."

भवानी पेठेतल्या घरी आल्यावर ईरप्पानं विषय काढला. "अव्वा, आता हितंच राहा. म्हशी इकून टाकू."

नागम्मानं त्या दोन खोल्यांकडे बघितलं. रॉकेलचा स्टोव्ह होता. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट भिंतीतून येत होता. सून चांगली होती, पण सकाळी दार बंद ठेवायची, कारण शहरात ठेवतातच. त्या दाराशी गोवरी घेऊन कोण येणार होतं?

"मला गावातच बरं वाटतंय," ती म्हणाली.

"डोळे गेल्यावर कुणाला बरं वाटंल?"

ह्याचं उत्तर आणलं विजयमालाबाईंनी. ह्या बोरनळ्ळीच्या ग्रामसेविका, मूळच्या बार्शीच्या, वय चोवीस-पंचवीस, अंगात उत्साह इतका की सायकलला घंटीची गरज पडत नसे. त्यांच्याकडे एक गुंडाळलेला तक्ता होता. मारुतीच्या पारावर बायकांना बसवून त्या तो उलगडायच्या. एका बाजूला काळं स्वयंपाकघर, खोकणारी बाई आणि तोडलेलं झाड. दुसऱ्या बाजूला जमिनीत बांधलेली विहिरीसारखी टाकी, तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टोपी, निळी ज्योत, हसणारी बाई आणि हिरवं झाड. शेण पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, त्यातनं गॅस निघतो, उरलेली मळी शेताला जाते. "म्हणजे तेच शेण दोनदा कामाला येतं," असं बाई सांगायच्या, आणि बायका शेणाला दोनदा कामाला लावायची ही सरकारी हुशारी ऐकून पदराआड हसायच्या.

नागम्मा हसली नाही. तिनं बाईंना थांबवून विचारलं, "ह्यात धूर अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही, मावशी."

"मग मला गाव सोडायला नको."

"कशाला सोडायचं?"

एवढ्यावर तिनं ठरवून टाकलं. तीन म्हशी आणि बैलजोडी, लहान टाकीपुरती गुरं घरात होतीच. कागदपत्रं ईरप्पानं केली. नागम्मानं गोबरगॅस घेतला तो गावात राहता यावं म्हणून, आणि गावात राहायचं ते सकाळच्या त्या हाकेसाठी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात कुणाचीच लबाडी नव्हती.

शहात्तरच्या उन्हाळ्यात घरामागं खड्डा खणला, वीटकाम झालं, सोलापुराहून काळा रंग दिलेली लोखंडी टोपी ट्रकमधून आली आणि ती उतरवायला निम्मं गाव लोटलं. गाडीच्या गाड्या शेण कालवून ओतलं. तीन आठवड्यांनी टोपी वर उचलली गेली, तेव्हा बाईंनी शेगडीपाशी काडी लावली, आणि काही पेटलंच नाही. लोक हसत घरी गेले. पहिला गॅस कच्चा असतो, तो सोडून द्यावा लागतो, हे बाईंना पाठ होतं, पण हसणाऱ्यांना पाठ नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा काडी लावली आणि निळी ज्योत फुलली, जाईच्या कळ्यांचा गोल गजरा ठेवावा तशी. त्या दिवशी नागम्माच्या घरी दिवसभर माणसांची रीघ होती. तिनं सगळ्यांना चहा पाजला. इतका चहा तिनं मल्लप्पाच्या दिवसांनाही केला नव्हता.

जाताना बाईंनी तिला चार गोष्टी बजावल्या. शेण आणि पाणी सारखं. टोपी रोज दोनदा फिरवायची. कॉक नीट बंद करायचा. आणि शेगडीवर काही सांडू द्यायचं नाही, बारीक भोकं आहेत, बुजली की संपलं. नागम्मा कधी शाळेत गेली नव्हती. आपल्याला कुणी शिकवतंय आणि आपल्याला ते जमतंय, ह्याचा तिला फार अभिमान वाटला. ती चार वाक्यं ती म्हशींना म्हणून दाखवायची.

जुनी चूल तिनं मोडली नाही. पण तिच्यात आता काही जळत नव्हतं, आणि ज्या चुलीवर काही शिजत नाही तिच्यात विस्तव किती दिवस राहणार? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं राख सारली, तर खाली नुसती राखच होती. चाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट अशी आवाज न करता गेली. नागम्माला आत कुठंतरी धक्का बसला, पण तेवढ्यात दार ढकलून सोनाबाई आली.

सोनाबाई ही रावजीची बायको, गल्लीच्या टोकाला राहणारी. तीस वर्षं ती रोज यायची, आणि तिची गोवरी बहुतेक वेळा कडेच्या राखेत असायची. "अक्का, विस्तव द्या की," म्हणत ती चुलीपाशी आली आणि थबकली.

"इझला," नागम्मा म्हणाली.

"मग ह्येच्यावर पेटवू," म्हणून सोनाबाईनं गोवरी सरळ निळ्या ज्योतीवर धरली. गोवरीचा भुगा शेगडीत सांडला, ज्योत पिवळी पडली, फरफरली, धूर झाला. नागम्माच्या डोळ्यांपुढं ती बारीक भोकं आली. तिनं सोनाबाईचं मनगट धरलं आणि शिकवलेलं म्हणून दाखवलं.

"हितं गोवरी लावायची न्हाय. भोकं बुजत्यात. बाईंनी सांगितलंय."

सोनाबाईनं गोवरी खाली घेतली. पदरानं शेगडीवरचा भुगा टिपला. "बरं," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मा दार लोटून बसली. कुणी आलं नाही. तिला वाटलं, आज अमावस्या असेल. नव्हती. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, चौथ्या दिवशीही नाही. गल्लीत चुलींचा धूर मात्र वेळेवर दिसत होता. अक्काचा विस्तव विझला आणि शेगडीवर गोवरी चालत नाही, हे गल्लीभर झालं होतं, आणि बायका काडेपेटी विकत घेऊ लागल्या होत्या. वाण्याचं भलं झालं.

मग बाकीचं सगळं चांगलंच होत गेलं, हेच ह्या गोष्टीतलं कठीण आहे. नागम्माचा खोकला दोन महिन्यांत गेला. डोळ्यांची लाली उतरली. समोरच्या निंबावरचा पोपट दिसू लागला, मग त्याची चोचही. ईरप्पानं भिंतींना चुना दिला आणि त्या पांढऱ्या राहिल्या. घरामागची उरलेली बाभूळ कुणी तोडली नाही, तिच्या शेंगांतून पडलेल्या बियांची रोपं ओढ्याच्या अंगानं वर आली, आणि गुंडानं न सांगता त्यांना काट्यांचं कुंपण केलं. मळी घातलेली ज्वारी खांद्याला लागली. गुंडा तिच्यात उभा राहून म्हणाला, "लई आलीया." त्याच्या मानानं ते भाषण होतं.

आणि नागम्मा दिवसचे दिवस तोंड न उघडता राहत होती, म्हशींशी बोलणंही सुटलं होतं. एकदा भाजीवालीला हाक मारायला गेली, तर आवाज फुटेना, नुसती घरघर आली. सुरुवातीला टाकी बघायला लोक येत. महिन्यातून एकदा तालुक्याच्या कचेरीची जीप येई, साहेब उतरत, टोपी किती वर आली बघत, वहीत लिहीत. "छान चाललंय," म्हणत, पण ते टाकीला म्हणत. कुणी टेकत नसे. टेकायला कारण काय? गॅसला वेळ लागत नाही. काडी लावली की पेटतो.

कचेरीनं दारावर एक पाटी लावली. विजयमालाबाई आठवड्यातून एकदा यायच्या, त्यांनी हौसेनं तिला पाटीवरूनच अक्षरं शिकवायला घेतली. न, ग, म. पावसाळा संपेपर्यंत नागम्माला 'श्रीमती नागम्मा मल्लप्पा, आदर्श गोबरगॅस' एवढं सगळं वाचता येऊ लागलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सलग वाचता आलं, त्या दिवशी तिला कुणालातरी दाखवावंसं वाटलं. ती दारात उभी राहिली. सोनाबाई घागर घेऊन समोरून गेली. खाली मान घालून, पलीकडच्या कडेनं.

नागम्मानं हाक मारली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण हाक कशासाठी मारायची? चाळीस वर्षांत तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. लोक आपणहून येत होते, कारण त्यांना तिच्याकडचं काहीतरी हवं असायचं. देण्यासारखं काही हातात नसताना माणसाला कसं बोलवतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते बाईंच्या तक्त्यावरही नव्हतं.

दिवाळीत ईरप्पा आला. पांढऱ्या भिंतींवरून हात फिरवून म्हणाला, "आता कसं बरं वाटतंय की न्हाय?"

"व्हय," नागम्मा म्हणाली. दुसरं काय सांगणार? कुणी येत नाही म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग चल भवानी पेठेत.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यातलं दोन पाट्या शेण टाकीत न टाकता बाजूला काढलं आणि परसात गोवऱ्या थापल्या. त्या वाळल्यावर तिनं जुन्या चुलीतली राख काढली, बाभळीच्या वाळक्या काटक्या रचल्या आणि काडी ओढून चूल पेटवली. पेटवताना तिला लाज वाटली, चोरी करताना वाटेल तशी. संध्याकाळी निखारा राखेत पुरला. सकाळी दार लोटून, फुंकून विस्तव तयार ठेवला आणि बसली. मुद्दाम ओल्या काटक्या घातल्या, म्हणजे धूर माळवदावरून दिसावा. गल्लीला कळावं.

असं तिनं सतरा दिवस केलं. कुणी आलं नाही. काडेपेटीची सवय लागली होती, आणि पाटी लावलेल्या घरात धूर निघतोय म्हणजे काहीतरी सरकारी चाललं असेल, असं गल्ली धरून चालली. टाकीला शेण कमी पडायला लागलं. त्यात थंडी. टोपी खाली खाली बसत गेली. दुपारची भाकरसुद्धा नागम्मा त्या चुलीवर भाजू लागली, डोळे परत झोंबू लागले, आणि पांढऱ्या भिंतीवर चुलीच्या वर काळी जीभ उमटली.

विजयमालाबाईंनी ती आल्या आल्या बघितली. मग मागं जाऊन टोपी बघितली. मग परसातल्या गोवऱ्या. "मावशी, हे काय?"

"म्हशी कमी हागत्यात," नागम्मा म्हणाली.

खोटं बोलायची सवय नसली की असलं काहीतरी तोंडातून जातं. बाईंना हसू आलं, पण नागम्माचा चेहरा बघून ते आतच राहिलं. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग नागम्मानं सोनाबाईची गोवरी, तो भुगा, मनगट, ते वाक्य, सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. फक्त मध्येच थांबून विचारलं, "तुमीच सांगितलं हुतं न्हवं? भोकं बुजत्यात म्हणून?"

"मीच," बाई म्हणाल्या. त्या शेजारच्या गावी भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या, जेवण एकट्या करायच्या, आणि आईला पत्रात लिहायच्या की इथले लोक फार प्रेमळ आहेत. "मला एवढंच शिकवलं होतं, मावशी."

"बरुबरच हाय ते. भोकं बुजत्यातच."

"मग आता काय करायचं?"

बाई गेल्यावर नागम्मानं चुलीत पाणी ओतलं. सगळं शेण पुन्हा टाकीत जाऊ लागलं. आठ-दहा दिवसांत टोपी वर आली. थापलेल्या गोवऱ्या मात्र परसात पडून राहिल्या.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सकाळी नागम्मा उठली, दाराची कडी काढली, आणि नेहमीसारखं दार लोटून आत जाण्याऐवजी बाहेर आली. हातात परसातली एक गोवरी होती. थंडी अशी की शेणानं सारवलेलं अंगण पायाला चावत होतं. गल्लीत तिला बघून एक कुत्रं उठून उभं राहिलं. चाळीस वर्षांत ह्या वेळेला ती ह्या गल्लीतून कधी चालली नव्हती, कुणाचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही तिला नीट ठाऊक नव्हतं.

सोनाबाईच्या दारात ती उभी राहिली. आत चूल पेटलेली होती. परत फिरावं असं तिला फार वाटलं. पाय वळलेही. मग घसा साफ करून ती म्हणाली, "सोनाबाई, विस्तव मिळंल का?"

सोनाबाईनं वळून बघितलं. तिच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, नागम्माच्या घरी टाकी भरलेली असते. सोनाबाई उठली, दारात आली, नागम्माच्या हातातली गोवरी घेतली आणि चुलीच्या तोंडाशी, भरल्या जाळावर धरली. दोन मिनिटांत तिनं धरली. सोनाबाईनं ती खापरावर घालून दिली. नागम्मा ती घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. सोनाबाईनं पुन्हा तोंडाशी धरून दिली. बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तसंच. गल्लीतल्या बायका दारातून बघत होत्या. म्हातारीला काहीतरी झालंय, असं एकमेकींना म्हणत होत्या. नागम्मा कान झाकून, पदर घट्ट ओढून जात होती आणि पेटलेली गोवरी सांभाळत परत येत होती.

पाचव्या की सहाव्या दिवशी सोनाबाईनं गोवरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"अक्का, तुमच्याकडं गॅस हाय."

"हाय की."

"चूलबी बंद केलीया म्हणं."

"व्हय."

"मग रोज विस्तव नेता, त्येचं करता काय?"

नागम्मा उभी होती. उत्तर जुळवून आणलं नव्हतं, आणि गेल्या वेळी खोटं बोलून काय झालं होतं ते तिला आठवत होतं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "घरी जाऊन इझवती."

सोनाबाई तिच्याकडे बघत राहिली. नागम्माच्या उभं राहण्याकडे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हात रिकामे, आणि परत निघायची काही घाई नाही.

मग सोनाबाई वळली. तिनं चुलीतला जाळ जरा मागं सारला आणि नागम्माची गोवरी तोंडाशी न धरता कडेच्या राखेत ठेवली. भिंतीशी उभा केलेला पाट घेऊन जमिनीवर मांडला.

"येळ लागंल," ती म्हणाली. "बसा."